सज्जा काढण्याआधी

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपले वाडवडील म्हणत. हल्ली तर घर एकदा बांधून संपतच नाही. आधी खाली दोन खोल्या होतात. मुलगा कामाला लागला, की वर एक खोली चढते. मग सून येते, भाडेकरू येतो, आणखी एक खोली लागते. आपल्या चऱ्होलीत हे रोजचेच झाले आहे. भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांत जाणारी माणसे इथे बिऱ्हाड करून राहतात. खोली रिकामी म्हणून राहत नाही.

वरची खोली होत आली, की घरातले कुणीतरी म्हणते, “एवढं केलंच आहे, तर पुढे चार फूट सज्जा पण काढून घ्या. कपडे वाळत घालायला होईल. म्हातारीला सकाळचं ऊन मिळेल.” कुणी त्याला गॅलरी म्हणतात, कुणी बाल्कनी म्हणतात. गवंडी मान हलवतो. “काढू की मामा, त्यात काय मोठं? स्लॅब टाकतोच आहोत, तो जरा पुढे नेला की झालं.”

मागणी काही वावगी नाही. दोन खोल्यांत सहा माणसे राहत असतील, तर तेवढीच मोकळी हवा मिळते. पण ‘स्लॅब जरा पुढे नेला की झालं’ हे बोलणे मात्र खरे नाही. खोली भिंतींवर बसते. सज्जा एकाच बाजूने धरलेला असतो आणि बाकी सगळा हवेत असतो. दोहोंत हा मोठा फरक आहे. तो का मोठा आहे, हे आपण सावकाश समजून घेऊ.

१. गाडी उलाळ होते, तसा सज्जा

बैलगाडीत ओझे कसे भरतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. पोती मागच्या बाजूला जास्त भरली, की पुढचे जू वर उचलते. गाडी उलाळ होते. मग आपण काय करतो? दोन पोती पुढे घेतो. पुढचे वजन गाडीला दाबून धरते.

सज्जाचेही तसेच आहे. बाहेर आलेला भाग म्हणजे गाडीचा मागचा भाग. तो सारखा खाली जायला बघतो. त्याला दाबून धरायला आतल्या बाजूला पुरेसे वजन लागते आणि पक्की पकड लागते.

जुन्या वाड्यांची माडी आठवा. लाकडाच्या कड्या खोलीतून निघून भिंतीच्या बाहेर येत. त्यांच्या पुढच्या टोकांवर सज्जा उभा राही. मागचे टोक खोलीच्या आत लांबवर गेलेले असे. मध्ये वरची जाड भिंत त्या कड्यांवर बसलेली असे. पुण्यात दुसऱ्या बाजीरावाने बांधलेल्या विश्रामबागवाड्याचा कोरीव लाकडी दर्शनी सज्जा लोक अजून थांबून बघतात. आपण कोरीवकाम बघतो. पण त्या कारागिरांचे अर्धे शहाणपण न दिसणाऱ्या भागात असते.

आता गच्चीच्या पातळीवरचा सज्जा घ्या. तो घराच्या सगळ्यांत वरच्या स्लॅबमधून निघतो. त्याच्या मागे वर भिंत नसते. वर उघडे आकाश असते. म्हणजे दाबून धरायला वरून काहीच नाही. मागच्या स्लॅबचे स्वतःचे वजन आणि आतल्या सळ्या, एवढ्यावरच तो उभा असतो. म्हणून खालच्या मजल्याच्या सज्जापेक्षा गच्चीच्या सज्जाला जास्त विचार लागतो.

आणखी एक गोष्ट. पाण्याची भरलेली बादली अंगाजवळ धरून पाहा. मग हात लांब करून तीच बादली धरा. बादली तीच, पाणी तेवढेच. पण खांदा लगेच दुखू लागतो. ओझे जितके लांब, तितका मुळाशी ताण जास्त. सज्जा ३ फुटांचा ६ फूट केला, तर वजन दुप्पट होते आणि ते वजन दुप्पट लांबही जाते. म्हणून मुळाशी येणारा ताण दुप्पट होत नाही, चौपट होतो. ‘तीनऐवजी सहा फूट करून टाका’ हे शब्द तोंडातून काढणे सोपे आहे. ते पेलायचे भिंतीला असते.

२. वजनाचा हिशेब

हिशेब करून पाहू. १० फूट लांब, ४ फूट रुंद आणि ५ इंच जाड असा सज्जा धरा. तो १६ घनफुटांहून थोडा जास्त भरतो. लोखंड घातलेले काँक्रीट एका घनफुटाला सुमारे ७० किलो भरते. म्हणजे नुसत्या सज्जाचे वजन झाले सुमारे १,१७० किलो.

आता त्याला तीन बाजूंनी साडेतीन फूट उंच विटांचा कठडा बांधला, साडेचार इंची. तिन्ही बाजू मिळून १८ फूट होतात. त्या कठड्याचे वजन होते सुमारे १,२७५ किलो. त्यावर गिलावा वेगळा. पाहा, कठडा सज्जापेक्षा जड झाला! आणि हे वजन कुठे बसले? बरेचसे अगदी बाहेरच्या कडेला, म्हणजे लांब धरलेल्या बादलीच्या जागी. त्याऐवजी लोखंडी जाळीचा कठडा केला, तर तो दीडशे किलोच्या आत भागतो.

मग माणसे आली. आपल्या देशाच्या बांधकामाच्या मानकात राहत्या खोलीसाठी दर चौरस मीटरला २०० किलो भार धरतात. सज्जासाठी मात्र ३०० किलो धरतात. सज्जा लहान असून जास्त का? कारण खोलीत माणसे पसरून बसतात आणि सज्जात एकदम गर्दी करतात. माउलींची पालखी आळंदीहून निघते, तेव्हा वाटेवरच्या गच्च्या आणि सज्जे कसे भरतात, ते आठवा. लग्नाची वरात आली, की घरातले सगळे एकाच कडेला धावतात. आपल्या १० फूट बाय ४ फूट सज्जावर या हिशेबाने सुमारे १,१०० किलो भार येतो. म्हणजे जवळजवळ १८ मोठी माणसे झाली.

सज्जावर पाण्याची टाकी ठेवण्याचा विचार तर मनातही आणू नये. १,००० लिटर पाणी म्हणजे १,००० किलो. ते रात्रंदिवस तिथेच बसून राहते. विटांचे ढीग आणि वाळूची पोतीही तिथे रचू नयेत.

३. सळई वर की खाली?

काँक्रीट दाबाला भक्कम असते, पण ताणाला कच्चे असते. दाबले तर सोसते, ओढले तर तडकते. म्हणून जिथे ओढ बसते, तिथे लोखंड घालतात. ही युक्ती फार जुनी नाही. फ्रान्समध्ये मोनिए नावाचा एक माळी होता. त्याने फुलझाडांच्या सिमेंटच्या कुंड्यांत लोखंडी जाळी घातली आणि १८६७ मध्ये तिचे हक्क नोंदवून घेतले. आज आपली घरे लोखंड आणि सिमेंटच्या या जोडीवरच उभी आहेत.

पण ओढ बसते कुठे? यासाठी घरीच एक प्रयोग करा. एक लांब काकडी घ्या. तिच्या वरच्या आणि खालच्या अंगाला सुरीने थोड्या थोड्या अंतरावर उथळ चिरा द्या. आता ती दोन विटांवर आडवी ठेवा आणि मधोमध हलकेच दाबा. कुठल्या चिरा उघडल्या? खालच्या. आता तीच काकडी पाटावर अर्धी ठेवा, अर्धी बाहेर काढा. आतले टोक दाबून धरा आणि बाहेरचे टोक खाली दाबा. आता कुठल्या चिरा उघडल्या? वरच्या!

दोन भिंतींवर बसलेल्या खोलीच्या स्लॅबमध्ये ओढ मधल्या भागात खालून बसते. तिथे मुख्य सळई खाली असते. सज्जामध्ये ओढ वरून बसते. म्हणून सज्जाची मुख्य सळई वर असली पाहिजे. हे एकच वाक्य ध्यानात राहिले, तरी हा पाठ वाचल्याचे सार्थक होईल. सज्जाची सळई वर!

कागदावर सळई वरच असते. चूक होते ती स्लॅब भरण्याच्या दिवशी. पाट्या घेऊन माणसे सळ्यांवरून चालतात. पायाखाली वरची सळई दबते आणि खाली जाऊन बसते. वरून काँक्रीट पडले, की कुणाला काही दिसत नाही. ५ इंची सज्जात सळई ठरल्या जागेवरून २ इंच खाली गेली, तर सज्जाची ताकद जवळजवळ निम्मी होते. सिमेंट तेवढेच, लोखंड तेवढेच, पैसा तेवढाच. ताकद मात्र निम्मी. म्हणून वरच्या सळईखाली वाकवलेल्या सळईच्या खुर्च्या ठेवून घ्याव्यात. चालण्यासाठी फळ्या टाकाव्यात. त्या दिवशी घरच्या एका माणसाने तिथे उभे राहून फक्त एवढेच बघावे.

ही सळई आतही लांब गेली पाहिजे. सज्जा जितका बाहेर, निदान तितकी किंवा त्याच्या दीडपट ती आतल्या स्लॅबमध्ये असावी, असा साधारण ठोकताळा आहे. नेमके माप इंजिनिअरने काढायचे असते.

मोठमोठ्यांनाही हे गणित चकवते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात फ्रँक लॉइड राइट या नामांकित वास्तुशिल्पकाराने १९३० नंतरच्या दशकात एका धबधब्यावर घर बांधले. त्याचे सज्जे हवेत दूरवर निघालेले आहेत. जगभरचे लोक ते घर बघायला जातात. पण त्या सज्जांत लोखंड कमी पडले होते. ते हळूहळू झुकत गेले. शेवटी २००२ मध्ये पोलादी दोर आतून ताणून ते बळकट करावे लागले.

४. जुन्या स्लॅबला नवा सज्जा?

पुष्कळांचा प्रश्न असा असतो : “गुरुजी, स्लॅब तर दहा वर्षांपूर्वीच पडलाय. आता त्याला पुढे सज्जा जोडता येईल का?”

जुन्या स्लॅबच्या कडेला नवे काँक्रीट लावले, तर ते जुन्यात मुरत नाही. जुन्या सळ्या कडेपाशीच संपलेल्या असतात. वर लागणारी सळई आत नसतेच. भोक पाडून चार सळ्या ठोकल्या आणि सिमेंट भरले, की झाला सज्जा, असे सांगणारे भेटतात. त्यांच्या नादी लागू नये.

मग काय करावे? तीन वाटा आहेत.

पहिली वाट सगळ्यांत चांगली. सज्जा बाहेर काढूच नका; वरची खोली आत घ्या. म्हणजे असे : खालची खोली १५ फूट खोल असेल, तर वरची ११ फुटांची करा. पुढे ४ फूट उघडी गच्ची आपोआप मिळते. तिच्याखाली खालच्या खोलीची भिंत आहे. काहीच हवेत लटकत नाही. खोली थोडी लहान झाली, पण झोप निवांत लागते. मात्र वरच्या खोलीची पुढची भिंत आता खालच्या भिंतीवर बसत नाही, मधल्या स्लॅबवर येते. तिच्याखाली तुळई लागेल का, हे इंजिनिअरला आधी विचारावे.

दुसरी वाट खांबांची. बाहेरच्या कडेला जमिनीतून दोन खांब उभे करायचे आणि सज्जा त्यांच्यावर टेकवायचा. मग तो दोन्ही बाजूंनी धरलेला होतो. पण खांबांना वेगळा पाया लागतो. इंद्रायणीकाठची काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीवर उथळ पाया घातला, तर खांब खचतो. पाया मुरुमापर्यंत किंवा खडकापर्यंत न्यावा लागतो.

तिसरी वाट म्हणजे इंजिनिअरकडून तपासून घेऊन लोखंडी कैचीवर हलका सज्जा बसवणे. त्यासाठी ज्या भिंतीला कैची धरायची, ती भिंत तेवढी भक्कम हवी. दगडमातीच्या जुन्या भिंतीला हे ओझे देऊ नये.

कोणतीही वाट धरा, पण आधी खालचे घर वरचे वजन पेलेल का, हे पाहून घ्या. पाया एका मजल्याचा असेल, तर त्यावर दुसरा मजला आणि वर सज्जा, हे अंथरूण सोडून पाय पसरणे झाले.

५. भरणी, पाणी आणि टेकू

मालात पाणी जास्त घातले, तर काम भरभर होते आणि काँक्रीट कच्चे राहते. ५० किलो सिमेंटच्या एका पोत्याला २५ ते ३० लिटर पाणी पुरे होते. सळईच्या वर निदान एक इंच काँक्रीटचे आवरण राहावे. ते कमी पडले, तर ओल सळईपर्यंत पोचते.

स्लॅब पडला, की दुसऱ्या दिवसापासून त्यावर पाणी राखावे. निदान १० दिवस ते राखावे. चैत्र-वैशाखाच्या उन्हात १४ दिवस राखावे. या कामाला पैसा लागत नाही, फक्त आठवण लागते. घरातल्या मुलांना हे काम आनंदाने द्यावे, पण कठडा नसलेल्या कडेपासून त्यांना लांब ठेवून.

सज्जाखालचे टेकू काढण्याची घाई नको. तीन आठवडे राहू द्यावेत. इंजिनिअर जास्त सांगेल तर जास्त. काढताना बाहेरच्या कडेपासून सुरुवात करून भिंतीकडे यावे. भिंतीजवळचा टेकू आधी काढला, तर सज्जा बाहेरच्या टेकूवर टेकतो आणि ताण उलटा बसतो.

६. पाणी हा शत्रू

बांधताना सगळे बरोबर केले, तरी पुढे वर्षानुवर्षे एकच शत्रू येत राहतो. तो म्हणजे पाणी. सज्जावर पाणी साचले, की ते बारीक चिरेतून सळईपर्यंत जाते. सळई गंजते. गंजलेले लोखंड फुगते आणि काँक्रीट फोडून बाहेर काढते.

म्हणून सज्जाला बाहेरच्या बाजूला उतार हवा : दर १० फुटांना सव्वा इंच. खोलीच्या जमिनीपेक्षा सज्जाची जमीन दोन इंच खाली हवी. पाणी जायला चांगली रुंद पन्हळ हवी, आणि ती पावसाआधी साफ हवी. सज्जाच्या खालच्या अंगाला, कडेपासून थोडे आत, बोटभर खाच ठेवावी. मग पाणी खालून भिंतीकडे न पळता तिथेच गळून पडते.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात बर्कली नावाचे गाव आहे. तिथे १६ जून २०१५ रोजी एका इमारतीच्या पाचव्या मजल्याचा सज्जा मध्यरात्रीनंतर कोसळला. एका तरुणीचा वाढदिवस होता, म्हणून तेरा जण तिथे उभे होते. त्यांतले सहा जण गेले. सज्जा लाकडाच्या कड्यांवर होता. पाणी आत शिरून त्या कड्या भिंतीपाशीच कुजल्या होत्या. इमारतीला दहा वर्षेही झाली नव्हती. बाहेरून सगळे चांगले दिसत होते.

आपल्याही सज्जाची तपासणी दर वर्षी पावसाळ्याआधी करावी. खालून गिलावा फुगला आहे का? तांबडे ओघळ दिसतात का? आणि मुख्य म्हणजे, सज्जा जिथे भिंतीला मिळतो, तिथे वरच्या बाजूला लांब चीर पडली आहे का? ही चीर सर्वांत धोक्याची, कारण खालीच ती मुख्य सळई असते. कित्येक जण तिच्यावर फरशी बसवून मोकळे होतात. फरशीने चीर झाकते, पण भरून येत नाही. अशी चीर दिसली, तर सज्जावर जाणे बंद करावे, खालून टेकू द्यावा आणि जाणत्या इंजिनिअरला बोलवावे.

७. कठडा आणि तारा

कठडा एक मीटरपेक्षा, म्हणजे सव्वातीन फुटांहून थोड्या जास्त उंचीपेक्षा, कमी नसावा. जाळीच्या सळ्या उभ्या असाव्यात. आडव्या सळ्या म्हणजे लहान मुलाला शिडीच. दोन सळ्यांमध्ये चार इंचांपेक्षा कमी अंतर ठेवावे, म्हणजे मुलाचे डोके जाणार नाही. कठड्याला लागून खुर्ची, पेटी किंवा मोठी कुंडी ठेवू नये.

समोरून विजेच्या तारा जात असतील, तर आधी तिकडे बघा. घरगुती विजेच्या आणि ११ हजार व्होल्टच्या तारेपासून बांधकाम बाजूला निदान १.२ मीटर, म्हणजे ४ फूट, दूर असावे लागते. मोठ्या तारेला आणखी अंतर लागते. घर दूर असते, पण ४ फुटांचा सज्जा काढला, की तार हाताशी येते. ओले कपडे वाळत घालणाऱ्या बाईच्या हातात काठी असते, हे विसरू नका. शंका असेल, तर महावितरणच्या कार्यालयात विचारावे.

८. परवानगी

चऱ्होली बुद्रुक १९९७ पासून पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहे. खोली वाढवायची किंवा सज्जा काढायचा, तर महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागाची मंजुरी लागते. नकाशावर नोंदणी असलेल्या माणसाची सही लागते. नदीपलीकडची चऱ्होली खुर्द महापालिकेच्या हद्दीत नाही. तिकडच्या लोकांनी पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे चौकशी करावी.

“सगळेच काढतात, कोण विचारतं?” असे म्हणणारे पुष्कळ. पण विनापरवाना बांधकामावरचा शास्तीकर आपल्या भागाने २००८ पासून वर्षानुवर्षे सोसला. २०२३ मध्ये शासनाने त्याची थकबाकी माफ केली. पण कर माफ झाला म्हणून बांधकाम कायदेशीर झाले, असे नव्हे. मे २०२५ मध्ये चिखलीला इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेत उभे राहिलेले ३६ बंगले महापालिकेने पाडले. जन्माची कमाई गेली. इंद्रायणी आपल्याही गावाला लागून वाहते. जागा पूररेषेत आहे का, हे आधी विचारून घ्या.

९. गवंड्याला विचारायचे प्रश्न

गवंडी आपला शत्रू नाही. त्याच्या हातात कसब असते. पण घर आपले आहे, म्हणून विचारायला लाजू नये. काम सुरू होण्याआधी हे सहा प्रश्न वहीत लिहून घ्या आणि त्याच्यासमोर वाचा :

सज्जा किती फूट बाहेर येणार, आणि तेवढा का?
मुख्य सळई वर आहे ना? आत किती फूट जाते?
भरणीच्या दिवशी ती खाली दबू नये म्हणून काय करणार?
कठडा विटांचा की जाळीचा?
पाणी कुठून जाणार?
टेकू किती दिवसांनी, आणि कुठल्या बाजूने काढणार?

उत्तरे त्याच वहीत लिहून ठेवा आणि इंजिनिअरला दाखवा. उत्तर नीट मिळाले नाही, तर काम चार दिवस थांबवा. त्या सज्जाखालून आपली नातवंडे शाळेला जाणार असतात, आणि भाडेकरूचीही.